ड्यू बॉइस आणि मानाची मजुरी

गेले काही दिवस डोक्यात ड्यू बॉइसच आहेत. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, अमेरिकेतले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ आणि इतिहासकार, जन्म १८६८, म्हणजे अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून अजून तीन वर्षंही झाली नव्हती, आणि १८९५ ला हार्वर्डची पीएचडी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पण मला त्या डिग्रीपेक्षा पुढचं जास्त भिडतं. फिलाडेल्फियाच्या सेव्हन्थ वॉर्डात, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, बायकोसोबत राहायला गेले आणि स्वतः दारोदार फिरून माहिती गोळा केली, कोण काय काम करतं, भाडं किती, घरात माणसं किती. त्यातून १८९९ चं पुस्तक आलं आणि त्यात कृष्णवर्णीयांमध्येही वर्ग आहेत, सगळे एका साच्यातले नाहीत, हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिलं.

त्याच वर्षी अटलांटाजवळ सॅम होज नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्या जमावाने जाळून मारलं. ड्यू बॉइस त्याबद्दल निवेदन घेऊन वर्तमानपत्राच्या ऑफिसकडे निघाले होते तर वाटेत कळलं की त्याची हाडं एका दुकानात मांडून ठेवलीयत. ते तिथूनच परत फिरले. त्यानंतर नुसतं शांतपणे अभ्यास करत बसणं त्यांना जमलं नाही, आणि मला वाटतं कुणालाच जमू नये.

१९३५ ला, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांचं 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' हे पुस्तक आलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांना मतदान मिळालं तो काळ म्हणजे नुसता भ्रष्टाचार आणि गोंधळ असं तेव्हाचे मोठमोठे प्रोफेसर शिकवत होते, यांनी दाखवलं की दक्षिणेत सरकारी शाळा उभ्या राहिल्या त्या याच काळात. आणि त्यातला एक मुद्दा मी परत परत वाचते, की गोऱ्या मजुराला पैसे कमीच मिळायचे पण वर मानाची मजुरी मिळायची, गोरा म्हणून लोक अदबीने वागायचे, चांगल्या शाळा, पार्क त्याच्यासाठी खुले, पोलीस त्याच्यातलेच, म्हणून तो काळ्या मजुराच्या शेजारी उभाच राहिला नाही आणि पगार दोघांचेही पडलेलेच राहिले. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या इतिहास जर्नलने तेव्हा या पुस्तकाचं परीक्षणसुद्धा छापलं नाही!!

१९४६ ला बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिलं होतं, कृष्णवर्णीयांच्या वतीने युनोत गेलेल्या अर्जाची प्रत हवी म्हणून. ड्यू बॉइसनी उत्तर पाठवलं, तुमचं नाव आणि काम मी ऐकून आहे आणि भारतातल्या अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे.