गायमुखचा मुक्काम

कार्तिकीला आळंदीला जाणारी आमची दिंडी वसईकडून निघते, वसईच्या खाडीवरचा वर्सोव्याचा पूल ओलांडून ठाण्याकडे जाणाऱ्या घोडबंदर रोडला लागते. पूल ते गायमुख ही दुपार संपता संपत नव्हती. महिना कार्तिकाचा, पण डांबर तापलेलं, कडेने ट्रेलर धूळ उडवत चाललेले. उजव्या टाचेचा फोड फुटला आणि मोजा कातडीला चिकटून बसला. मागून चोपदार "चला माउली, पाऊल उचला" करत होते आणि मला त्या "माउली"चाही राग येत होता. तरी पुढे विणा दिसत होता तोवर मी चालत राहिले.

मुक्काम रस्त्याकाठच्या एका मंदिरात. एका बाजूला खाडी आणि नागल्याचं जंगल, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर. पुरुषांची सोय मंदिराच्या नळावर. बायकांसाठी संडास नाहीत, हे तिथे पोचल्यावर कळलं. "पहाटे अंधारात उरकून घ्या," असं आम्हाला सांगण्यात आलं. साठीच्या वरच्या बायका आहेत दिंडीत, मधुमेहवाल्या आहेत. त्यांनी रात्रीतून चारदा कुठे जायचं? त्यात महाप्रसादानंतर पत्रावळ्या, उरलेला भात, सगळं शेडच्या मागे उतारावर फेकलं. रात्रभर कुत्री त्यावर भांडत होती.

काकड्याच्या आधी मला जाग आली. कुत्री गप्प होती. शेजारणीला उठवायचं जिवावर आलं, बिचारी नुकती झोपली होती. बाटली आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन मी शेडच्या मागे, जरा बाजूला गेले आणि लुगडं सावरून बसले.

टॉर्च खाली ठेवला होता, त्याचा उजेड उतारावर पडला होता. तिथे दोन डोळे चमकले. कुत्रं असेल असं वाटलं. मग ते जनावर आडवं वळलं आणि मागे लांबच लांब शेपूट दिसलं. टोक वर वळलेलं, खालून पांढरं. पत्रावळ्यांच्या ढिगाजवळ उभं होतं, माझ्यापासून फार तर पन्नास फूट. उंचीला माझ्या कमरेइतकंही नव्हतं. खांद्याची हाडं मात्र कातडीखाली एक वर, एक खाली अशी सरकत होती. डोकं खाली घालून ते माझ्याकडे बघत होतं.

माझं सगळं आयुष्य ठाण्यात गेलं. बिबट्याच्या बातम्या आम्हाला नव्या नाहीत. २०१९ साली तो शहरातल्या मॉलमध्ये शिरला होता. २००४ साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हापासून एक गोष्ट कानावर आहे: उघड्यावर बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. हे सगळं मला माहीत होतं, पण पाय उचलत नव्हते. दिवसभर ज्या जिभेवर "रामकृष्ण हरी" होतं ती टाळूला चिकटली होती. देव आठवला नाही. आठवला तो घरचा गॅस, सिलिंडर बंद केला की नाही.

"उभी रहा, बाय. बसू नको."

आवाज मागून आला. हळू, पण दटावणीचा. मी उठले. टाचेतून कळ डोक्यात गेली. एक म्हातारी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा. तिने तो उतरवला नाही, उलट दोन्ही हातांनी आणखी वर उचलून धरला. "पाठ नको दावू. पळू नको. त्याला जाऊ दे." आम्ही दोघी एकेक पाऊल मागे सरकलो. बिबट्याने आणखी थोडा वेळ पाहिलं, मग वळून गवतात शिरला. गवत हललं, इतकंच. आवाज काही आला नाही.

म्हातारी ओवळ्याकडच्या पाड्यावरची, वारली. पानं विकायला ठाण्याला निघाली होती. तिने आधी गवताकडे बघून हात जोडले, मग माझ्याकडे वळली. वाघबारस, म्हणजे वाघदेवाच्या पूजेचा दिवस, होऊन महिनाही झाला नव्हता. त्यांच्या वाघोबाला शेंदूर नुकताच लावलेला, असं ती म्हणाली. त्या रानातून ती रोज जाते. तो त्याच्या वाटेने, आपण आपल्या. खरकटं टाकलं की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो, हे तिने मला समजावून सांगितलं, जसं लहान मुलीला सांगावं. मग माझी टाच बघितली, लुगड्याच्या पदराची चिंधी फाडली आणि घट्ट बांधून दिली. इतकी घट्ट की मी ओरडले. "आता चालशील," म्हणाली. मी पैसे काढले, तर तिने ते घेतले नाहीत. मलाच दहाचं नाणं दिलं, आळंदीला माउलीच्या पायाशी ठेव म्हणाली, आणि भारा सावरत रस्त्याला लागली. नावही विचारायचं राहिलं.

आत काकडा सुरू झाला होता. टाळ वाजले आणि मला रडू फुटलं. थांबेचना.

मग राग आला. चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर बोलले. आधी "माउलीने राखलं" असं झालं. माउलीने राखलंच, त्यात मला शंका नाही. पण भात कोणी फेकला, बायकांना अंधारात कोणी पाठवलं? कोणी काही बोललं नाही. एका तरुण टाळकऱ्याने मात्र फावडं शोधून आणलं, आम्ही दोघांनी खड्डा केला आणि खरकटं त्यात लोटलं.

पुढे कळवा, मुंब्रा, शीळफाटा, पनवेल, बोरघाट. चिंधी लोणावळ्यापर्यंत टिकली. नाणं आळंदीत ठेवलं.

पुढच्या वर्षी मुक्काम पाहायला दिंडीतल्या दोन बायका आधी जाणार आहेत. जिथे संडास नाही तिथे मुक्काम नाही, असं वहीत लिहून घेतलंय. त्या दोघींतली एक मी आहे.