तळघरातली खडूची रेघ

पूर ओसरून तिसरा दिवस. बिल्डर असोसिएशनने साइट्स बंद ठेवून माणसं आणि सामान मदतीला काढलं होतं. माझ्या वाट्याला एक मड पंप, एक टेम्पो, मुकादम आणि चार हेल्पर आले. (फोटोपुरतं फावडं हातात धरून गेलेलेही काही होते. असो.)

पहिलंच घर तळघराचं. आत पुरुषभर पाणी. पंपाचं इंजिन बाहेर उघड्यावर ठेवलं, कारण बंद जागेत त्याचा धूर जीव घेतो. सक्शन पाइप आत सोडला. पाणी 60 सेंटीमीटर उतरलं तसा मी पंप बंद करायला लावला. पाणी जिथे टेकलं होतं तिथे भिंतीवर खडूने रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली.

घरमालकांचा मुलगा तापलाच. "एवढा मोठा पंप आणलाय, दोन तासांत मोकळं होईल. थांबलात कशाला?"

त्याचंही चुकत नव्हतं. वर खोलीत आजी ओल्या गादीशेजारी स्टुलावर बसून होत्या. मी म्हटलं, "बाहेरची माती पाण्याने भरलीय, ती भिंतीला आत ढकलतेय. आतलं पाणी तिला उलटा टेकू देतंय. तो काढला तर भिंत आत येईल." दोन मीटर खोलीवर नुसत्या पाण्याचाच दाब चौरस मीटरला दोन टन असतो, मातीचा वेगळा. पाया खणताना पावसात कडा ढासळलेल्या पाहिल्या आहेत, म्हणून हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. त्याला काही पटलं नाही. साइटवाले कामचुकार, असं काहीतरी पुटपुटत तो वर गेला.

सकाळी पाहतो तर पाणी रेघेच्या चार बोटं वर. म्हणजे बाहेरची माती अजून भरलेलीच. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं आणि न सांगता पाइप गुंडाळायला घेतला. त्या दिवशी हात लावला नाही. पुढच्या सकाळी रेघ कोरडी होती. मग रोज थोडं थोडं करत तळघर रिकामं व्हायला आणखी तीन दिवस गेले.

गाळ काढल्यावर दिसलं. रस्त्याकडच्या भिंतीला मध्यावर आडवा तडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ओळंबा लावला तर पोट आत आलेलं. आडवा तडा म्हणजे मातीचा रेटा. उभ्या केसासारख्या भेगांची मी एवढी धास्ती घेत नाही. तड्यावर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली, तारीख टाकली. काच तडकली तर भिंत अजून हलतेय असं समजायचं. मग फळ्या उभ्या लावून तिरके जॅक, म्हणजे स्लॅबखाली देतात ते लोखंडी टेकू, दिले. फळ्या धरायला तोच मुलगा पुढे आला. बोलला मात्र काही नाही.

साइट सुरू झाल्यावर स्टोअरकीपरचा फोन आला. "साहेब, स्लॅबला बावीस जॅक कमी पडतायत. कुठे गेले?"

"एका तळघरात आहेत."

"परत कधी?"

"काच अजून बघायचीय," मी म्हटलं, आणि भाड्याने मागवायला सांगितले.