सालारजंगची सहल

उदगीरच्या आमच्या शाळेत वर्षाकाठी दोन सोहळे ठरलेले असत, डिसेंबरातली सहल आणि जानेवारीअखेरचे स्नेहसंमेलन. चित्रकलेच्या सरांनी या दोहोंची अशी सांगड घालून दिली होती की सहलीत काढलेली रेखाटने संमेलनाच्या दिवशी वर्गाच्या भिंतींवर लागत आणि नाटक-गाण्यांसाठी आलेली पालकमंडळी आधी त्या वर्गातून फिरून मगच मंडपात जात. सहल बहुतेक वर्षी हैदराबादला, सालारजंग संग्रहालय पाहायला निघे. पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद आम्हांला जवळ. शिवाय १९५६ पर्यंत उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात, म्हणजे हैदराबाद राज्यात असल्यामुळे घरोघरच्या वडीलधाऱ्यांना ते शहर परके वाटत नसे. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर ठरवली जाई आणि धपाटे, शेंगांची चटणी, दशम्या अशी शिदोरी घेऊन आम्ही बीदर, जहीराबाद मार्गे रात्रीच निघत असू.

तोवर आमच्यासाठी चित्र म्हणजे दिनदर्शिकेवरचे किंवा पाठ्यपुस्तकातले छापील चित्र. देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती राजा रविवर्मा यांची आहे, हे सरांनी वर्गात सांगितले होते. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यामुळे ही चित्रे खेडोपाडी पोहोचली, हेही सांगितले होते. पण रविवर्म्यांचे मूळ तैलचित्र सालारजंगमध्ये प्रथम पाहिले तेव्हा लक्षात आले की छापील प्रतीत सगळा रंग एका पातळीवर बसलेला असतो, आणि इथे मात्र दागिन्यावरची चकाकी म्हणजे जाडसर पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा एक फटकारा आहे, जो दोन हात अंतरावरून नुसता ठिपका दिसतो आणि मागे सरकले की सोने होतो. आम्ही कितीतरी वेळ पुढे-मागे करत राहिलो. रखवालदाराला आमचा हा खेळ फारसा पसंत नव्हता.

संग्रहालय दाखवण्याची सरांची रीत इतर शाळांहून वेगळी होती. मूसी नदीकाठच्या त्या प्रचंड इमारतीत एका दिवसात सगळे पाहून होणे शक्यच नाही, असे ते दारातच सांगत आणि प्रत्येकाने एकच वस्तू निवडून तिच्यासमोर वही उघडून बसावे, असा दंडक घालत. शेजारून दुसऱ्या शाळांच्या रांगा ‘चला, चला’ करत दालनामागून दालन ओलांडून जात, तेव्हा आम्हांला आपले काहीतरी हुकते आहे असे वाटे. आज मात्र मला सरांचेच बरोबर वाटते.

सर्वाधिक गर्दी अर्थातच बुरखाधारी रिबेकेपुढे. जिओव्हान्नी मारिया बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची ही संगमरवरी मूर्ती निजामाचे दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगांनी १८७६ मध्ये युरोपच्या दौऱ्यात विकत घेतली. बायबलमधली ही नववधू नियोजित वराला प्रथम पाहताच चेहरा झाकून घेते, तो हा प्रसंग. पुस्तकातल्या फोटोत तिच्या चेहऱ्यावरचा झिरझिरीत पदर दिसतो, पण तो फोटोग्राफरच्या प्रकाशाचा खेळ वाटतो. समोर उभे राहिले की डोळा, नाक, ओठ यांवरून ते वस्त्र कुठे चिकटते आणि हनुवटीखाली कुठे सुटते, ते नीट दिसते. बाजूने गेले की वस्त्र आणि कातडी वेगळी आहेत असा भास होतो, आणि तरीही सगळा एकच दगड आहे हे बुद्धीला ठाऊक असते. आमच्यातल्या एकाने न राहवून विचारले, ‘‘सर, ह्यो पदर मागून चिकटिवलाय का हो?’’ सरांनी उत्तर दिले नाही. त्याला मूर्तीभोवती एक फेरी मारून सांधा शोधायला लावले.

लाकडातला मेफिस्टोफेलिस, म्हणजे गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातला सैतान, मुलांना त्याहून आवडे. समोरून उद्धट सैतान आणि पाठीमागच्या आरशात पाहावे तर मान खाली घातलेली त्याच नाटकातली मार्गारेटा, आणि दोघेही एकाच ओंडक्यातून कोरलेले. संगीत घड्याळाविषयी मी फार लिहिणार नाही. तासाला बाहेर येऊन टोले देणारा तो बाहुला पाहायला बारा वाजता लोक बाकांवर दाटीने बसतात. त्यात मौज आहे, पण त्याला चित्रकलेच्या वहीत जागा देण्याइतके मला तरी त्यात काही दिसले नाही.

मला स्वतःला बिदरीच्या कपाटाने धरून ठेवले. जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूत चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती लावून सगळे काळेभोर करायचे, पण चांदी मात्र पांढरीच राहते, ही कारागिरी आमच्या शेजारगावची. माझ्या आजीचा पानदान याच घडणीचा, कात-चुन्याने डागाळलेला. काचेआडच्या हुक्क्याच्या बुडावर त्याच्याच जातीची वेलबुट्टी पाहून घरी परतल्यावर मी तो प्रथमच नीट निरखला. आजी म्हणाली, ‘‘आता काय बघतोस रे, रोज तर समोरच असतो.’’ मी त्याचेही रेखाटन केले आणि संमेलनात ते हुक्क्याच्या रेखाटनाशेजारी लावले.

भिंतींवरची ती रेखाटने खरे तर फार बरी नसत. एकाची रिबेका ठेंगणी, एकाच्या सैतानाचे पाय वेगवेगळ्या मापांचे. पण ज्याने दोन तास एका वस्तूसमोर काढलेले, तो पालकांना तिच्याविषयी भडाभडा सांगू शके, आणि हैदराबाद पाहिलेले एखादे आजोबा मध्येच थांबवून आपली जुनी आठवण जोडत.

अशाच एका संमेलनात पालकांपैकी कोणीतरी विचारले, की इतक्या लांब जाता, मग आपल्या तेरला का जात नाही? प्रश्न रास्त होता. प्राचीन काळी रोमशी व्यापार करणाऱ्या तेरचे संग्रहालय आपल्याच मुलखात, आणि तिथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर थेट पाँपेईत मिळालेल्या मूर्तीशी नाते सांगणारी. पुढच्या वर्षीपासून हैदराबादखेरीज तेरचीही एक दिवसाची सहल सुरू झाली. तिथल्या वस्तू लहान, त्यामुळे एका कपाटासमोर चार-पाच जणच बसू शकत. सरांनी पाळ्या लावून दिल्या, आणि ज्यांची पाळी नसे ते भाजलेल्या मातीच्या मूर्ती आणि मणी यांच्यापुढे वह्या उघडून बसत.