विंडोज ११ ने काढून टाकलेला फोल्डर टूलबार आम्ही परत कसा बसवला

विंडोज १० मध्ये टास्कबारवर राइट क्लिक, टूलबार्स, मग न्यू टूलबार असं करून एखादं फोल्डर दाखवलं की घड्याळाच्या बाजूला त्या फोल्डरचं नाव आणि दोन बारके बाण यायचे. बाणावर क्लिक केलं की आतल्या सगळ्या फाइल्स मेनूसारख्या वर उघडायच्या, त्यातल्या फोल्डरवर माउस नेला की बाजूला पुढचा मेनू, त्याच्यातून अजून पुढचा. बस एवढंच फीचर. बऱ्याच लोकांना ते आहे हेच माहीत नव्हतं, म्हणून २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि त्यातून हे गायब झालं तरी फार कोणी बोंब मारली नाही, सगळी ओरड टास्कबार वर नाहीतर बाजूला नेता येत नाही याची होती.

आमचं दुकान मात्र त्याच्यावरच चालायचं. अमळनेरात डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, जाऊळ, वास्तुशांती, गंधमुक्तीची (माणूस गेल्यानंतरच्या विधीची) कार्डं, निवडणूक लागली की बॅनर. कंपोजिंगला नाना बसतात, ते एक्सपीवरच्या क्विक लाँचपासून (स्टार्टशेजारची छोट्या आयकॉनांची पट्टी) या पद्धतीचे. विंडोज ७ ने क्विक लाँच काढलं तेव्हा त्यांनी न्यू टूलबारमधूनच ते परत आणलं होतं, आणि नंतर त्याच युक्तीने कामाचं अख्खं फोल्डर टास्कबारवर आणून ठेवलं. गिऱ्हाईक काउंटरवर आलं, नाव सांगितलं, की नानांचा माउस खालच्या कोपऱ्यात, तिथून तालुका, तिथून गाव, फाइल उघडली. कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) समोर चालूच, मध्ये एक्सप्लोररची खिडकी येणं नाही की मिनिमाइझ करणं नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आमचं जुनं मशीन ११ ला चालणारं नव्हतं, नवीन घ्यावं लागलं. नाना खुर्चीत बसले, खाली उजवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मना फोल्डर कथा ग्यात रे भो?" म्हणजे माझी फोल्डरं कुठे गेली?

म्हटलं नाना, ते आता येत नाही. तर ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मीच काढून घेतलं. (ज्या गावात विप्रो १९४५ मध्ये तेला-तुपाची कंपनी म्हणून निघाली तिथे एका मेनूवरून एवढं रडणं शोभत नाही, पण असो.)

जुना टास्कबार परत आणणारी एक्सप्लोररपॅचरसारखी सॉफ्टवेअरं आहेत, चांगलीही आहेत. पण ती थेट एक्सप्लोररच्या पोटात हात घालतात, मोठं अपडेट आलं की बिघडायची भीती, आणि लग्नसराईत सकाळी सकाळी टास्कबारच उठला नाही तर काय करायचं. मला विंडोजला हात न लावणारं काहीतरी पाहिजे होतं. म्हणून ऑटोहॉटकी घेतलं, म्हणजे छोट्या स्क्रिप्ट लिहून विंडोजमधली कामं करून घ्यायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, २००३ पासून आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं व्हर्जन २ आलंय. फक्त एक लक्षात ठेवा, नेटवर जी उदाहरणं सापडतात त्यातली पुष्कळ व्हर्जन १ ची आहेत, ती कॉपी करून २ मध्ये चिकटवली तर चालत नाहीत. मराठी नावं वापरायची असतील तर २ च घ्या, ते स्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ (मराठी अक्षरंही नीट साठवणारी पद्धत) म्हणूनच वाचतं.

मूळ कल्पना दहा-पंधरा ओळींत बसते. एक फंक्शन, त्याला फोल्डर द्यायचं, ते लूप लावून आतली यादी काढतं, फाइल असेल तर मेनूत ओळ टाकतं, फोल्डर असेल तर स्वतःलाच परत बोलावून सबमेनू बनवतं. शेवटी मेनू दाखवायचा. ऑटोहॉटकीच्या प्रोग्रामला ही स्क्रिप्ट देणारा शॉर्टकट बनवून टास्कबारवर पिन केला की झालं. स्क्रिप्टची एक्झी (स्वतंत्र चालणारा प्रोग्राम) पण बनवता येते, पण अशा एक्झींना अँटीव्हायरस उगाच व्हायरस समजतात, म्हणून मी तिकडे गेलो नाही.

खरी मजा पुढे आली. आमच्या फाइल्सची नावं "राहुल & प्रिया" अशी असतात, लग्नपत्रिकाच त्या. मेनूत ते "राहुल प्रिया" दिसायला लागलं, & गायब. कारण विंडोजच्या मेनूमध्ये & म्हणजे पुढच्या अक्षराखाली रेघ मारा अशी खूण असते, खरंखुरं & दाखवायचं तर दोनदा लिहावं लागतं. एक रिप्लेस टाकला, सगळी जोडपी परत जोडली गेली. फाइलच्या नावातलं शेवटचं सीडीआर (कोरलची फाइल), पीडीएफ काढून नुसतं नाव दाखवावं असं वाटत होतं, पण एकाच नावाची दुसरी ओळ मेनूत टाकली की ऑटोहॉटकी नवीन ओळ करत नाही, पहिलीच बदलतं, म्हणजे सीडीआर जाऊन नुसती पीडीएफ उरणार. तेव्हा शेपूट राहू दिलं.

मग क्रम. नानांना गंधमुक्ती सगळ्यात वर पाहिजे, आणि त्यांचं बरोबर आहे, लग्नवाले महिनाभर कागदच निवडत बसतात पण गंधमुक्तीवाला माणूस दुकानात उभा असतो, कार्ड घेऊनच जातो, त्याला थांबवायचं नसतं. फोल्डरच्या नावाआधी देवनागरी १ लावला तर ते वर जायच्या ऐवजी पार खाली. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला एक कोड नंबर देणारी पद्धत) देवनागरी आकडे क-ख-ग च्या नंतर येतात आणि या लूपला यादी डिस्कवरच्या क्रमाने, म्हणजे कोडच्या हिशेबानेच मिळते. इंग्रजी १ लावला, आलं वर.

स्पीडचा प्रश्न मात्र खरा आहे. जुना टूलबार माउस जाईल तेवढंच फोल्डर वाचायचा, माझी स्क्रिप्ट मेनू दिसायच्या आधीच सगळं वाचते, आणि इतक्या वर्षांचं काम म्हणजे क्लिक करून चहाला जाऊन या. म्हणून दोनच पातळ्या आत जातो, त्याच्या खालचं फोल्डर सरळ एक्सप्लोररमध्ये उघडतं. त्या बदल्यात मेनूच्या डोक्यावर नुकत्या बदललेल्या १५ फाइल्सची यादी दिली, आणि हे जुन्यात नव्हतं. मामाचं नाव राहिलं, मुहूर्ताची मिनिटं चुकली म्हणून माणूस दोन दिवसांत परत येतोच, ती फाइल आता पहिल्याच यादीत सापडते.

राइट क्लिक काही आणता आलं नाही. जुन्या मेनूत तिथल्या तिथे रिनेम, डिलीट, सेंड टू सगळं व्हायचं, इथे फक्त उघडणं. कंट्रोल दाबून क्लिक केलं की फाइल जिथे आहे ते फोल्डर उघडून ती सिलेक्ट होईल एवढं केलंय, पण नाना कंट्रोल दाबत नाहीत. त्यांचं म्हणणं, एक हात माउसवर आणि दुसऱ्या हातात गिऱ्हाईकाचा कागद असतो, कंट्रोल काय नाकाने दाबू? त्यामुळे आता प्रत्येक ओळीचा छोटा सबमेनू करायचा विचार चाललाय, उघडा, फोल्डर दाखवा, पेनड्राइव्हवर टाका असा, पण मग साधी फाइल उघडायलाही एक क्लिक वाढतो आणि ते नाना चालू देतील असं वाटत नाही.