सहा टक्के पांढरं

बाबा ठाणे स्टेशनच्या पुलावर कोसळले तेव्हा 44 वर्षांचे होते. ‘अटॅक आला’ एवढंच आम्ही सांगत आलो. यंदा ऑफिसच्या तपासणीत माझा ईसीजी बिघडलेला आला, टूडी एकोत (हृदयाची सोनोग्राफी) हृदयातला पडदा 19 मिलिमीटर जाड निघाला (साधारण 12च्या आत असतो), आणि कार्डिऑलॉजिस्ट मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो बाबांबद्दल. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा आजार. वारशाने येणारी असेल तर प्रत्येक मुलाला पन्नास टक्के शक्यता.

“एमआरआय करू. एकोत जाडी कळते, व्रण कळत नाही.”

पहिली खेप फुकट. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट लागतो हे नंबर लावताना कुणी बोललंच नाही. घोडबंदर रोडचा ट्रॅफिक तुडवून तसाच परत. दुसऱ्या वेळी करगोट्यातला ताईतसुद्धा काढायला लावला. मशीनचा आवाज सोसला, शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेल्यापासून ब्रेकरची सवय आहे. श्वासाचं मात्र अवघड. “घ्या... सोडा... थांबा.” सोडून थांबायचं! रिकाम्या छातीने एकोणीसचा पाढा म्हणायला घेतला, पाचच्या पुढे जाता येईना. दोनदा हललो, तेवढे फोटो पुन्हा.

मग शिरेतून गॅडोलिनियम, फोटोत फरक दिसावा म्हणून देतात ते औषध. दहाएक मिनिटांत निरोगी स्नायूतून ते धुऊन निघतं, व्रणात रेंगाळतं. मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं: काळ्या स्नायूत, पडदा उजव्या कप्प्याला मिळतो तिथे, पावसाळ्यात भिंतीला ओल धरते तसा पुसट पांढरा डाग. स्नायूच्या सहा टक्के. ठोके बेफाम होतात ते अशा व्रणांभोवती. पंधराच्या पुढे गेला असता तर छातीत आयसीडी (बेफाम ठोके शॉक देऊन थांबवणारं यंत्र) बसवायचं बोलणं लगेच निघालं असतं. होल्टरही, म्हणजे दिवसभर अंगावर लावून घेतलेला ईसीजी, साफ होता.

मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच त्या म्हणाल्या, “फोटो बरा आहे, पण वडील मोजावे लागतात. पन्नाशीच्या आत, अचानक. पोस्टमॉर्टेम झालं होतं?”

आईने पत्र्याची ट्रंक उघडली. लग्नपत्रिकांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत दाखला होता. मृत्यूचं कारण: हृदयक्रिया बंद पडून. आई म्हणाली, “कापू दिलं नाही मी.”

मंगळवारी तोच कागद घेऊन जायचंय. ऐरोलीच्या ताईलाही एको करून घे म्हटलंय, तर म्हणते, गणपती होऊ देत.