सुखोई-7, अपडेट 6: चांदीचं विमान हिरवं होणार

मंडळी, सुखोई-7 या लढाऊ विमानाचं जे छोटं मॉडेल करतोय, त्यावर दोन महिने घासून घासून जे चांदीचं फिनिश आणलं होतं ना, त्यावर आता रंग चढणार. आणि मला त्याचा आनंदच झालाय.

हवाई दलात सुखोई उडवणाऱ्या मामाआजोबांचा तो एकच फोटो तुम्ही पाहिलाय, मागे सुखोई लखलखतंय, म्हणून मी नॅचरल मेटल, म्हणजे बिनरंगाचा उघडा धातू, धरून चाललो होतो. पण फोटो युद्धाच्या आधीचा. डिसेंबर 1971 मध्ये आपली काही सुखोई-7 चांदीचीच उडाली, काही घाईघाईत रंगवलेली, मग मामाआजोबा ज्यातून परत आले नाहीत ते विमान यातलं कुठलं? इथेच महिनाभर अडकलो. फोटो मोठा करून पाहिला, विमानाचा नंबर नेमका त्यांच्या खांद्याआड, 'बी'च्या पुढे काही नाही. खडकवासल्याला एनडीएच्या हट ऑफ रिमेंबरन्समध्ये (तिथल्या शहीद माजी कॅडेट्सचं स्मारक) त्यांचं नाव आहे, पण नावावरून विमान थोडंच कळतं.

रविवारी सदाशिव पेठेत आजीकडे गेलो, तिने पत्रांचा डबा काढला. शेवटचं इनलँड, पत्ता नुसता 56 एपीओ (लष्करी टपाल, त्यावरून ठिकाण कळत नाही), आणि आतल्या घडीवर बारीक अक्षरात, "ताई, विमानं रंगवायला आम्हीही हात लावला, नखातला हिरवा रंग रॉकेलनेही जात नाहीये." मी ओरडलोच. आजी म्हणाली, "मला पाठ आहे ते, तू कधी विचारलंस?"

त्यांचंच विमान रंगवलेलं होतं असं यावरून सिद्ध होत नाही, मान्य, पण माझ्यापुरतं ठरलं.

एअरब्रशने, म्हणजे रंगाच्या फवाऱ्याने, करणार होतो, पण हे टाइप करताना सुचलं की त्यांनी हाताने फासला असेल तर मीही ब्रशच घेतो, अप्पा बळवंत चौकातला दोन नंबरचा, आणि रंगाखाली हेअरस्प्रे मारून (म्हणजे वरचा रंग हवा तिथे खरवडून काढता येतो) पंखांच्या मुळाशी, त्या दोन 30 एमएम तोफांजवळ, चांदी थोडी उघडी ठेवतो. म्हणजे दोन महिने फुकट नाही गेले.

पिटो ट्यूब (नाकावरची वेग मोजणारी नळी) इन्सुलिनच्या सुईची केली, एकदम सरळ बसली, सारखा बघतोय. ऑनलाइन मागवलेल्या डेकल्सवर (चिकटवायच्या छापील खुणा) मात्र केशरी जवळजवळ लाल आलाय, ते लावणार नाही, राउंडेल, म्हणजे हवाई दलाची तिरंगी गोल खूण, स्वतः रंगवेन. आणि नंबर अंदाजाने टाकणार नाही, जागा कोरी.

आजीची एकच अट, चाकं आत घे, तो उडत होता. म्हणून चिकटवलेला गिअर, म्हणजे चाकं, काढलाय. चाकांच्या कप्प्यांपैकी नाकाचं दार बसलं, पंखांखालची दोन्ही अजून फाइल करतोय.