पाच जादा ससे

इंजेक्शनच्या कारखान्यात मी सोळा वर्षं क्वालिटी कंट्रोलला आहे. शिरेतून दिलेल्या औषधाने पेशंटला थंडी वाजून ताप भरू नये, म्हणून काही बॅचेसची पायरोजन टेस्ट, म्हणजे ताप आणणाऱ्या अंशांची तपासणी, आमच्याकडे अजून सशांवर होते. तीन ससे घ्यायचे. मान सैलसर अडकवायची, कानाच्या कडेच्या शिरेतून कोमट केलेलं औषध द्यायचं आणि तीन तास, दर अर्ध्या तासाने, गुदद्वारातल्या प्रोबचं तापमान लिहायचं.

त्या दिवशी एसीवाल्याला शेजारच्या खोलीत भिंतीला भोक पाडायचं होतं. "दहा मिनिटांचं काम आहे, मॅडम." टेस्ट चालू असताना आवाज चालत नाही, हे मला पाठ आहे. तरी मी हो म्हटलं. ड्रिल सुरू झालं आणि तिसऱ्या सशाने मागचे पाय आपटले. कान पाठीला चिकटले, नाकपुड्या थांबेचनात. ॲनिमल हाऊसचे काका धावत आले आणि त्याच्या डोळ्यांवर हात धरून उभे राहिले. पुढचं रीडिंग ३९.० वरून ३९.७ वर गेलं होतं.

हा ताप औषधाचा की भीतीचा? सांगता येत नाही. आकडा खोडता येत नाही आणि बॅचही तशीच सोडता येत नाही, ती कुणाच्या तरी शिरेत जाणार आहे. अशा वेळी नियमाने आणखी पाच ससे घ्यावे लागतात.

दुसऱ्या दिवशी ते पाच घेतले. एकाची शीर सापडेना, त्याला दोनदा टोचलं. पाचही ससे शांत, बॅच पास.

रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेली तीन तत्त्वं मीच नव्या मुलांना शिकवते: प्राणी टाळा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. मानवी रक्तपेशींवर होणारी टेस्ट आज उपलब्ध आहे, युरोपच्या फार्माकोपियाने, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाने, तर सशांची टेस्ट काढूनच टाकली. आमच्याकडे रक्तपेशींची टेस्ट आणण्याची फाइल मी दोन वर्षं फिरवते आहे. ती मंजूर होईपर्यंत प्रत्येक सशाचा हिशोब माझ्याकडेच आहे, आणि हे पाच मी वाढवले.

लॉगबुकात लिहिलं: "ड्रिलिंग, माझ्या परवानगीने." खाली सही केली.

काका पिंजऱ्यांत लसूणघास टाकत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उद्या ये म्हटलं असतं ना मॅडम, तरी आला असता तो." दोनदा टोचलेला ससा एक कान खाली पाडून खात होता. कडेला रक्ताचा वाळलेला ठिपका होता.